घरचं चार्जिंग की रस्त्यावरचा फास्ट चार्जर? नव्या ईव्हीवाल्यांनी खर्चाचा हिशेब कसा मांडावा

इलेक्ट्रिक गाडी बघायला गेलं की शोरूममध्ये एक वाक्य हमखास कानावर पडतं : "घरी चार्ज केली की रुपयाला किलोमीटर पडते." महाराष्ट्रात हे वाक्य फार थोड्या घरांना लागू होतं. दुसरीकडे सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी लिहितं की बाहेरचं चार्जिंग पेट्रोलइतकंच महाग आहे. तेही खरं नाही. या दोन टोकांच्या मधे तुमचा स्वतःचा आकडा असतो आणि तो काढायला विजेचं बिल, मोबाइल आणि अर्धा तास पुरतो. गाडी बुक करण्याआधी तो काढा, कारण कोणती बॅटरी घ्यायची, पार्किंगमध्ये पॉइंट बसवायचा का आणि मोठा चार्जर घ्यायचा का, हे सगळं त्या आकड्यावर ठरतं.

खालची आकडेमोड महावितरणच्या ग्राहकाला धरून केली आहे. मुंबईत बेस्ट, अदानी किंवा टाटा पॉवरची वीज असेल तर दर वेगळे असतील, पण पद्धत हीच.

पायरी १ : गाडी खरोखर किती युनिट खाते

कंपनीच्या कागदावरची रेंज बाजूला ठेवा. ती प्रयोगशाळेतल्या चाचणीची असते. मध्यम आकाराची इलेक्ट्रिक एसयूव्ही शहरात एका युनिटला साधारण ७ किलोमीटर जाते. टियागोसारखी छोटी गाडी ८ किंवा त्याहून थोडी जास्त देते. एक्सप्रेसवेवर १०० च्या वेगाने चालवली की तीच एसयूव्ही ५.५ ते ६ वर येते. गाडीच्या स्क्रीनवर वापर 'वॉट-अवर प्रति किलोमीटर' असा दिसत असेल तर १००० ला त्या आकड्याने भागा. १४० दिसत असेल तर युनिटला ७ किलोमीटर आणि थोडं वर.

आता एक बारकावा, जो बहुतेक हिशेबांतून सुटतो. बॅटरीत गेलेलं युनिट आणि मीटरवर पडलेलं युनिट एकच नसतं. घरची वीज एसी, म्हणजे दिशा बदलत वाहणारी; बॅटरीला लागते डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी. हे रूपांतर गाडीतला ऑन-बोर्ड चार्जर करतो आणि त्यात उष्णता होऊन १० ते १५ टक्के वीज जाते. म्हणून महिन्याला १००० किलोमीटर, युनिटला ७ किलोमीटर, म्हणजे बॅटरीत १४३ युनिट, तर घरच्या मीटरवर साधारण १६० युनिट. फास्ट चार्जरमध्ये हे रूपांतर चार्जरच्या पोटातच होतं आणि गाडीला थेट डीसी मिळतं, म्हणून तिथे मी १४३ च धरणार आहे.

पायरी २ : बिलावरून शेवटच्या युनिटचा दर काढा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. बरेच जण बिलाची रक्कम भागिले युनिट करून सरासरी काढतात आणि तोच गाडीच्या विजेचा दर समजतात. इथेच गणित चुकतं. आपल्याकडे घरगुती वीज टप्प्याटप्प्याने महाग होते : पहिली १०० युनिट स्वस्त, १०१ ते ३०० महाग, ३०१ ते ५०० आणखी महाग, ५०० च्या पुढे सगळ्यात महाग. पंखे, फ्रिज, टीव्ही, गिझर यांनी खालचे टप्पे आधीच भरलेले असतात. गाडीची युनिटं त्यांच्या डोक्यावर जाऊन बसतात. त्यामुळे गाडीला सरासरी दर कधीच लागत नाही, लागतो तो वरच्या टप्प्याचा.

बिल उघडा. युनिटच्या दराला चिकटणाऱ्या गोष्टी अशा : वीज आकार (टप्प्यानुसार), वहन आकार (वीज तारांतून घरापर्यंत आणण्याचा, सगळ्या युनिटांना सारखा), इंधन समायोजन आकार (असेल त्या महिन्यात) आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. स्थिर आकार गाडी असो वा नसो द्यावाच लागतो, तो या हिशेबात धरू नका. ज्या टप्प्यात गाडीची युनिटं पडणार, त्या टप्प्याचा वीज आकार अधिक वहन आकार (आणि असेल तर इंधन समायोजन आकार) घ्या आणि १.१६ ने गुणा.

उदाहरणासाठी मी सगळं धरून गोल दर घेतो : पहिल्या टप्प्यात ७ रुपये, दुसऱ्यात १३, तिसऱ्यात १६.५० आणि ५०० च्या पुढे १८.५०. अलीकडच्या दरआदेशांच्या जवळपासचे हे आकडे आहेत, पण दर बदलत राहतात, तेव्हा तुमच्या ताज्या बिलावरचे टाका.

पहिलं घर : दोघंच राहतात, एसी नाही, महिन्याला ९० युनिट. गाडीची १६० युनिटं ९१ पासून २५० पर्यंत जातात. १० युनिट ७ रुपयांनी, १५० युनिट १३ रुपयांनी. एकूण २०२० रुपये, किलोमीटरला २ रुपये.

दुसरं घर : चार माणसं, गिझर, अधूनमधून एसी, ३२० युनिट. गाडीची सगळी युनिटं तिसऱ्या टप्प्यात. १६० गुणिले १६.५०, म्हणजे २६४० रुपये. किलोमीटरला २ रुपये ६४ पैसे.

तिसरं घर : मोठा फ्लॅट, दोन एसी, ४५० युनिट. ५० युनिट तिसऱ्या टप्प्यात, उरलेली ११० शेवटच्या टप्प्यात. एकूण २८६० रुपये, किलोमीटरला २ रुपये ८६ पैसे.

गाडी तीच, रस्ता तोच, तरी महिन्याला ८४० रुपयांचा फरक. शेजाऱ्याने सांगितलेला खर्च तुमच्या घरात खरा ठरेलच असं नाही, त्याचं कारण हे. उन्हाळ्यात एसी वाढले की तुमच्याच घरातला आकडाही वर सरकतो, म्हणून एप्रिल-मेचं आणि डिसेंबरचं अशी दोन बिलं घेऊन हिशेब करा.

रात्री वीज स्वस्त पडते असा समज बराच पसरलेला आहे. महावितरणने जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना जी सवलत दिली, ती दिवसा ९ ते ५ या वेळेतल्या वापराला आहे, युनिटमागे ८० पैशांपासून. गाडी दिवसा घरी उभी असते अशांनी, म्हणजे निवृत्त मंडळींनी किंवा घरून काम करणाऱ्यांनी, चार्जिंग दुपारी लावावं. १६० युनिटांवर महिन्याला सव्वाशेच्या आसपास वाचतात. ऑफिसला गाडी नेणाऱ्यांनी यासाठी वेळापत्रक बदलण्यात अर्थ नाही.

पायरी ३ : पब्लिक चार्जरचा पूर्ण दर

ॲपवर दिसणारा दर आणि खात्यातून जाणारे पैसे यांत पहिला फरक जीएसटीचा. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्ये स्पष्ट केलं की चार्जिंग ही सेवा आहे, वीजविक्री नाही. त्यामुळे कुणालाही चार्जिंग स्टेशन टाकायला वीजविक्रीचा परवाना लागत नाही, हा फायदा झाला. पण सेवा म्हटल्यावर १८ टक्के जीएसटी आला. घरच्या विजेवर जीएसटी नाही.

फास्ट चार्जिंगचे दर सध्या साधारण १८ ते २५ रुपये युनिट असतात. २० रुपये दर, जीएसटी वेगळा, असं असेल तर हातात पडतो २३ रुपये ६० पैसे. १४३ युनिटांचे ३३७५ रुपये, किलोमीटरला जवळजवळ ३ रुपये ४० पैसे. २४ रुपये अधिक जीएसटी असेल तर ४०५० रुपये.

आता तिसऱ्या घराकडे परत बघा. त्यांना घरीच २८६० पडतात. त्यांच्या ऑफिसजवळ करासहित १८ रुपयांचा चार्जर असेल तर महिन्याचे होतात २५७४. म्हणजे काही घरांना बाहेरचं चार्जिंग घरच्यापेक्षा स्वस्त पडू शकतं. खरं वाटत नाही, म्हणून स्वतःचे आकडे टाकून बघा.

ॲपमध्ये आणखी काय बघायचं : दर करासहित आहे का, चार्जिंग संपल्यावर गाडी तशीच ठेवली तर वेगळा आकार लागतो का, वॉलेटमध्ये कमीत कमी किती भरावे लागतात. चार ॲपमध्ये पाचपाचशे रुपये अडकून पडतात आणि ते कुणी हिशेबात धरत नाही. मॉलमध्ये असाल तर पार्किंगचे पैसेही त्यातच मोजा. वेगवेगळ्या कंपन्यांचे चार्जर एकत्र शोधायला सरकारचं 'ईव्ही यात्रा' ॲप आहे.

चार्जरच्या ताकदीला भुलू नका. १२० किलोवॉटचा चार्जर असला तरी गाडी तिच्या मर्यादेपेक्षा जास्त घेत नाही. छोट्या गाडीची मर्यादा ३० च्या खाली असेल तर ६० चा काय आणि १२० चा काय, वेळ तेवढाच लागणार. काही ठिकाणी मोठ्या चार्जरचा दरही जास्त असतो, तो उगीच भरू नये. शिवाय एका मशीनला दोन गन (गाडीत खुपसायचे केबलचे प्लग) असतील आणि दोन्ही लागलेल्या असतील तर ताकद बऱ्याचदा वाटली जाते. आणि ८० टक्क्यांनंतर गाडी स्वतःहून वेग कमी करते. शेवटच्या २० टक्क्यांसाठी मागे रांग लावून उभं राहण्यापेक्षा गन काढून पुढे निघावं.

पायरी ४ : पार्किंगमधल्या पॉइंटचा खर्च

रोज ३३ किलोमीटर चालणाऱ्या गाडीला मीटरवर साडेपाच युनिटही लागत नाहीत. गाडीसोबत येणारा १५ अँपिअरच्या प्लगचा चार्जर ३.३ किलोवॉटचा असतो, तो हे काम दोन तासांच्या आत करतो. रात्रभर लावला तर आठ तासांत दीडशे-एकशे साठ किलोमीटरची वीज भरतो. तेव्हा ७.२ किलोवॉटचा भिंतीवरचा चार्जर हवाच असं नाही. तो घ्यायचा तर बिलावरचा 'मंजूर भार' (एका वेळी जास्तीत जास्त किती किलोवॉट वापरायची परवानगी आहे तो आकडा) बघावा लागतो, तो वाढवला की अनामत आणि खर्च वाढतो. गाडीसोबत तो फुकट मिळत असला तरी आधी साध्या पॉइंटवर दोन महिने काढून बघा, असं माझं मत आहे.

पण साधा पॉइंट म्हणजे कसाही पॉइंट नव्हे. मिक्सर पाच मिनिटं चालतो. गाडी सलग सात-आठ तास १४-१५ अँपिअर ओढते. एवढा वेळ एवढा करंट जुन्या सॉकेटमधून गेला की पत्ती सैल असेल तिथे प्लग तापतो, मग प्लास्टिक पिवळं पडतं, मग वास येतो. म्हणून मीटरपासून पार्किंगपर्यंत स्वतंत्र लाइन हवी, तांब्याची, अंतर थोडं असेल तर ४ चौरस मिलिमीटरची, लांब असेल तर त्याहून जाड. त्यावर वेगळा एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की तोडणारा स्विच). एक्स्टेंशन बोर्ड कधीही नको. पावसाचे शिंतोडे येत असतील तर झाकणाचा सॉकेट.

आणि अर्थिंग. नवी गाडी घरी आणल्यावर चार्जरचा लाल दिवा लागतो आणि लोक गाडीला दोष देतात, तेव्हा बहुतेकदा दोष अर्थिंगचा असतो. वायरमनला सॉकेटमध्येच मल्टिमीटर लावायला सांगा : फेज आणि अर्थ यांच्यात जवळपास फेज-न्यूट्रलइतकाच व्होल्टेज दिसला पाहिजे, न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात एखाद-दुसरा व्होल्ट. तिथे १५-२० दिसले तर अर्थिंग करून घेतल्याशिवाय गाडी लावू नका. जुन्या इमारतींत आणि गावाकडच्या घरांत अर्थचा खड्डा वर्षानुवर्षं कोरडा पडलेला असतो, उन्हाळ्यात तर नक्कीच. ही दोन मिनिटांची तपासणी तुमच्या समोर व्हायला हवी, "केलंय साहेब" यावर भागवू नका.

या सगळ्याला समजा २५ हजार लागले. पहिल्या घराचे बाहेरच्या तुलनेत महिन्याला १३५५ रुपये वाचतात, दीड वर्षात पैसे वसूल. तिसऱ्या घराचे वाचतात ५१५, म्हणजे चार वर्षं. पॉइंटची सोय केवळ पैशात मोजता येत नाही हे मान्य, सकाळी भरलेली गाडी मिळणं मोठी गोष्ट आहे. पण वसुलीचा काळ माहीत असावा, विशेषतः भाड्याच्या घरात राहत असाल तर.

पायरी ५ : गाडीसाठी वेगळं मीटर

स्वतःच्या जागेत स्वतःची गाडी चार्ज केली तर त्या जागेचाच दर लागतो, घरच्या मीटरवर घरगुती. पण वीज नियामक आयोगाने विद्युत वाहन चार्जिंगसाठी वेगळा वर्ग २०१८ मध्येच केला आणि त्यात घरगुतीसारखे चढते टप्पे नाहीत. केंद्राच्या ग्राहक हक्क नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये दुरुस्ती झाली, तिच्यामुळे ग्राहकाला गाडीसाठी स्वतंत्र जोडणी मागता येते. नवी जोडणी देण्याची मुदतही त्याच दुरुस्तीत कमी झाली : महानगरांत ३ दिवस, इतर नगरपालिका भागांत ७, ग्रामीण भागात १५.

हे कुणी करावं? दुसऱ्या आणि तिसऱ्या घराने. वेगळ्या मीटरवर युनिट सगळं मिळून १० रुपयांना पडलं असं धरलं तर १६० युनिटांचे १६०० होतात. तिसऱ्या घराचे महिन्याला साडेबाराशे वाचतात, त्यातून त्या मीटरचा स्थिर आकार वजा करा. कमी वीज वापरणाऱ्या पहिल्या घराला दुसऱ्या मीटरचा खटाटोप फारसा फळणार नाही. अर्ज करण्याआधी कार्यालयातून त्या वर्गाचा आजचा दर, स्थिर आकार आणि जोडणीचा खर्च लेखी घ्या.

सोसायटीत राहत असाल तर कमिटीशी बोलण्याआधी तीन गोष्टी कागदावर हव्यात : केबल मीटर रूमपासून कुठून कशी जाणार, भार किती, आणि खर्च व जबाबदारी तुमची. "चार्जिंगला परवानगी द्या" एवढंच पत्र दिलं की ते पुढच्या सभेवर ढकललं जातं. लायसन्सधारक वायरमनच्या सहीचा साधा आराखडा जोडला की अध्यक्षांना हो म्हणणं सोपं जातं. सोसायटीच्या कॉमन मीटरवरून चार्ज करायचा बेत असेल तर आधी कॉमन मीटर कोणत्या टप्प्यात आहे ते बघा. लिफ्ट आणि पंपाने तो बऱ्याचदा वरच्या टप्प्यात गेलेला असतो.

शेतीपंपाच्या जोडणीवर गाडी लावण्याचा सल्ला गावाकडे सहज दिला जातो. तो ऐकू नका. मंजूर कारणाशिवाय वीज वापरणं हा वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरतो आणि त्याची आकारणी दुप्पट दराने होते. दुकानाच्या मीटरवर लावली तर व्यापारी दर लागेल, तो बहुतेकदा घरापेक्षा महाग.

पायरी ६ : लांबचा प्रवास वेगळा मोजा

पुणे ते कोल्हापूर आणि परत, धरा ४६० किलोमीटर. हायवेला युनिटला ६ किलोमीटर, म्हणजे ७७ युनिट. घरून भरून निघालात तर त्यातली ४० घरची. दुसऱ्या घराच्या दराने, घट धरून, साडेसातशे रुपये. उरलेली ३७ युनिटं वाटेत किंवा कोल्हापुरात, २३.६० ने ८७३ रुपये. एकूण सव्वासोळाशे. लिटरला १५ किलोमीटर देणारी पेट्रोल गाडी याच फेरीला ३१ लिटर पिते, पेट्रोल १०४ धरलं तर ३२०० च्या आसपास. बाहेरचं चार्जिंग महाग म्हणून प्रवास टाळण्याचं कारण नाही. मुक्कामाच्या हॉटेलात किंवा पाहुण्यांकडे नीट अर्थिंगचा १५ अँपिअरचा पॉइंट असेल तर बाहेरची युनिटं आणखी घटतात. पाहुण्यांकडे लावलीत तर त्यांच्या बिलात त्या रात्री चारपाचशे रुपये वाढू शकतात, तेव्हा आधी विचारा आणि पैसे द्या.

राज्याच्या २०२५ च्या ईव्ही धोरणात मुंबई-पुणे एक्सप्रेसवे, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतूवर इलेक्ट्रिक कारना टोलमाफी आहे. या वाटांवर वरचेवर जाणाऱ्यांनी ती बचत याच वहीत लिहावी. कोल्हापूरच्या वाटेवरचे टोल मात्र राष्ट्रीय महामार्गाचे, ते भरावे लागतात.

पार्किंगच नसेल, किंवा छप्पर स्वतःचं असेल

ज्यांना घरी पॉइंट शक्यच नाही, त्यांनी किलोमीटरला ३ रुपये ४० ते ४ रुपये धरून चालावं. पेट्रोलच्या ७ रुपयांपुढे हे निम्म्याच्या आसपास आहे, पण आठवड्यातून एक-दोनदा पाऊण तास चार्जरपाशी जाणार. रोजच्या वाटेवर दोन वेगळ्या कंपन्यांचे चालू चार्जर असतील तरच घ्या. एकच असेल आणि तो बंद पडला तर आठवडा अडतो. ऑफिसमध्ये साधा चार्जिंग पॉइंट मिळवता आला तर तो सगळ्यात उत्तम, त्यासाठी एचआरकडे दोनतीन जणांनी मिळून अर्ज करा.

बंगला किंवा स्वतःची गच्ची असेल तर गोष्ट वेगळी. आपल्याकडे एक किलोवॉटचं सोलर महिन्याला साधारण १२० युनिट देतं. गाडीची १६० युनिटं दीड किलोवॉटमध्ये भागतात, आणि ३ किलोवॉट बसवलं तर घराचाही मोठा भाग निघतो. पंतप्रधान सूर्यघर योजनेत ३ किलोवॉट आणि त्यापुढच्या संचाला ७८ हजारांचं अनुदान आहे. नेट मीटरिंग (सोलरची उरलेली वीज महावितरणकडे जाते आणि तुमच्या वापरातून वजा होते) असल्याने गाडी रात्री लावली तरी दिवसाची युनिटं वजा होतात, आणि वजा होतात ती बिलातली सगळ्यात वरच्या टप्प्यातली. म्हणून तिसऱ्या घरासारख्यांना सोलर सगळ्यात लवकर फिटतं. गोव्यात घरगुती वीज महाराष्ट्रापेक्षा बरीच स्वस्त आहे, तिथल्या वाचकांनी वरची सगळी गणितं तिथल्या दराने पुन्हा करावीत. तिथे घरचं चार्जिंग बाहेरच्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडेल आणि सोलरचे पैसे वसूल व्हायला जास्त वर्षं लागतील.